तिसऱ्या तारेचा हिशेब

आरएस-४८५ ला दोन तारा लागतात, असं कारखान्यात कुणीही सांगेल. कित्येक एनर्जी मीटरच्या पाठीवर ए आणि बी अशी दोनच टर्मिनल दिसतात, पॅनेलच्या ड्रॉइंगवर दोनच रेघा असतात, आणि केबल मागवताना ‘एक पेअर, ट्विस्टेड, शिल्डेड’ एवढंच लिहिलं जातं. ही समजूत इतकी पक्की आहे की, कम्युनिकेशन अधूनमधून तुटायला लागलं की शोध बॉड रेट, स्लेव्हचा पत्ता, टर्मिनेशन, टाइमआउट अशा सगळ्या वाटा फिरतो आणि शेवटी कार्ड बदलण्यापाशी येऊन थांबतो. नवं कार्ड काही महिने चालतं आणि तेही जातं. या पुस्तकाचा सगळा भर एका विधानावर आहे: आरएस-४८५ ची लाइन तीन तारांची आहे. तिसरी तार ओढली नाही म्हणून तिचं काम थांबत नाही. ते काम मग जमीन, केबलचं शिल्ड, २४ व्होल्ट सप्लायची मायनस बाजू किंवा एखाद्या लॅपटॉपचा चार्जर करू लागतो, आणि यातल्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. ही तिसरी तार निर्धास्तपणे ओढता यावी म्हणून आयसोलेशन लागतं. तार आणि आयसोलेशन यांतलं एक घेऊन दुसरं सोडलं, तर दुखणं जात नाही, फक्त जागा बदलतं.

आरएस-२३२ च्या काळात हा घोळ नव्हता. १९६० साली आलेल्या त्या मानकात प्रत्येक सिग्नल सामायिक शून्याच्या तुलनेत मोजला जाई. नऊ पिनांच्या कनेक्टरची पाचवी पिन जोडली नाही तर काहीच चालत नसे, त्यामुळे ती जोडायला कुणी विसरत नसे. अंतर मात्र पंधरा मीटरच्या आसपास संपायचं, कारण दोन टोकांच्या शून्यांत जो फरक असेल तो थेट सिग्नलमध्ये मिसळायचा. १९८३ मध्ये आरएस-४८५ आलं आणि चित्र पालटलं. रिसीव्हर आता ए आणि बी यांच्यातला फरक पाहू लागला, तोही अवघ्या २०० मिलिव्होल्टपर्यंत. दोन्ही तारांवर सारखाच पडणारा गोंगाट वजाबाकीत निघून जाऊ लागला, आणि लाइन १२०० मीटरपर्यंत नेता येऊ लागली. हे सगळं खरं आहे. पण या खऱ्या गोष्टीतून एक खोटा निष्कर्ष निघाला: फरकच पाहायचा असेल तर शून्याची गरज काय?

गरज काय, हे चिप हातात घेतल्यावर दिसतं. एसएन७५१७६ असो की मॅक्स४८५, आठ पायांची मांडणी तीच आहे: सहाव्या आणि सातव्या पायावर ए-बी, आठव्यावर पाच व्होल्ट आणि पाचव्यावर शून्य. ए-बी मधला फरक ओळखणारे आतले ट्रान्झिस्टर या पाचव्या आणि आठव्या पायांच्या मधे काम करतात. दोन्ही तारा मिळून त्या शून्यापासून फार वर किंवा फार खाली गेल्या, तर फरक कितीही स्वच्छ असला तरी तो वाचणारा भाग काम करू शकत नाही. मानकाने ही हद्द −७ ते +१२ व्होल्ट अशी आखली आहे. हे आकडे कुठून आले ते पाहिलं की सगळा प्रश्न उलगडतो. ड्रायव्हरच्या तारा त्याच्या स्वतःच्या शून्यापासून ० ते ५ व्होल्टच्या दरम्यान हलतात. त्याचं शून्य आपल्या शून्यापेक्षा सात व्होल्ट खाली असेल, तर आपल्याला −७ दिसतील. सात व्होल्ट वर असेल, तर सात आणि पाच मिळून १२. म्हणजे दोन टोकांच्या शून्यांत फरक असणार, हे मानकाने मुळातच गृहीत धरलं आहे, आणि त्याला सात व्होल्टची मुभा दिली आहे. त्यापलीकडची जबाबदारी वायरिंग करणाऱ्याची. चिपही फार दूरवर साथ देत नाही: मॅक्स४८५ च्या डेटाशीटमध्ये ए-बी पायांवरची कमाल मर्यादा −८ ते +१२.५ व्होल्ट आहे. काम बंद पडणं आणि चिप जळणं यांच्यात एका बाजूला एक व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला अर्धा व्होल्ट उरतो.

सात व्होल्ट पुष्कळ वाटतात, पण ते शिखराचे सात व्होल्ट आहेत. ५० हर्ट्झच्या एसी फरकासाठी मल्टिमीटर जेव्हा ५ व्होल्ट दाखवतो तेव्हा शिखर सातच्या पुढे गेलेलं असतं, आणि दोन अर्थिंगमधल्या पाच व्होल्टकडे कुणी वळूनही पाहत नाही. असं समजा की मुख्य शेडपासून तीनशे मीटरवर पंपहाउस आहे आणि तिथल्या पॅनेलला स्वतःचा वेगळा अर्थ पिट आहे. पिटचा रेझिस्टन्स ५ ओहम. मोटरच्या जुन्या वाइंडिंगमधून १.२ अँपिअर गळतीचा करंट जमिनीत जातो आहे. एमसीबी एवढ्यावर पडणार नाही, बॉडीला हात लावला तरी झटका जाणवणार नाही. पण त्या पिटवर ६ व्होल्ट उभे राहतात, शिखर साडेआठच्या जवळ. पंपहाउसमधल्या मीटरचं आणि शेडमधल्या पीएलसीचं शून्य आपापल्या अर्थिंगला टेकलेलं असेल, तर दोन तारांची ती लाइन मुख्य सप्लायच्या प्रत्येक चक्रात हद्दीबाहेर जाऊन परत येते.

आता यातून दोष कसा दिसेल तेही पाहू, कारण कारखान्यातल्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. मॉडबस आरटीयूमध्ये ९६०० बॉडला एका बाइटचे ११ बिट जायला १.१५ मिलिसेकंद लागतात. पीएलसीची मागणी ८ बाइटांची, म्हणजे ९ मिलिसेकंदांची. दहा रजिस्टरांचं उत्तर २५ बाइटांचं, म्हणजे जवळजवळ २९ मिलिसेकंदांचं. सप्लायचं एक चक्र २० मिलिसेकंदांचं. समजा चिप जरा सोशिक निघाली आणि शिखराच्या एकाच बाजूला अडखळते आहे. मग छोटा निरोप ती वाईट वेळ चुकवून कधी पोचतो, कधी पोचत नाही. लांब उत्तराला मात्र ती चुकवणं शक्यच नाही, ते एका पूर्ण चक्रापेक्षा मोठं आहे. म्हणून एक रजिस्टर मागितलं तर मीटर उत्तर देतो आणि दहा मागितली तर सीआरसी एरर येते. समोर बसलेल्या माणसाला हा सॉफ्टवेअरचा दोष वाटणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याच्या स्क्रीनवर जमिनीतला करंट दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दोन तारांवर शेकडो जोडण्या वर्षानुवर्षं चालतात, मग तिसरीची एवढी चर्चा कशाला? चालतात हे खरं आहे, पण कशाच्या जोरावर चालतात ते पाहायला हवं. एकाच पॅनेलमधले चार मीटर आणि एक पीएलसी एकाच २४ व्होल्ट सप्लायवर असतील, तर त्या सप्लायची मायनस बाजू हीच तिसरी तार आहे. ती ओढलेली आहेच, फक्त ड्रॉइंगवर कम्युनिकेशनची म्हणून दाखवलेली नाही. पुढे कुणी एका मीटरला वेगळा एसएमपीएस लावतो आणि लाइन बिघडते. बदललेला असतो सप्लाय, संशय जातो मीटरवर. लॅपटॉपचंही तसंच. यूएसबी कन्व्हर्टर लावून लाइन तपासताना लॅपटॉप बॅटरीवर असेल तर सगळं व्यवस्थित दिसतं, तीन पिनांचा चार्जर लावला की एरर सुरू होतात, किंवा नेमकं उलटही घडतं. चार्जरच्या अर्थ पिनने लाइनच्या शून्याला कुठेतरी टेकवलेलं असतं. आणि अर्थिंगच्या भरवशावर चाललेली लाइन ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात ओल्या मातीत ५ ओहम असलेला पिट एप्रिल-मेमध्ये कोरडा पडून १० ओहमवर गेला, तर तीच गळती सहाऐवजी बारा व्होल्ट उभे करते. उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी ओतल्यावर कम्युनिकेशन सुधारतं, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्यात चमत्कार काही नाही, पण ज्या जोडणीचा डेटा बादलीभर पाण्यावर अवलंबून आहे तिला चालू जोडणी म्हणणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो अर्थिंग नीट समजलेल्या माणसांकडून येतो. तिसरी तार ओढली की दोन वेगवेगळ्या अर्थिंगना तांब्याने जोडलं जातं, ग्राउंड लूप तयार होतो, आणि त्या लूपमधला करंट लाइनला आणखी त्रास देतो. हे बरोबर आहे. वरच्याच उदाहरणात ०.५ चौरस मिलिमीटरची तीनशे मीटर तार दहा ओहमच्या आसपास भरते. दोन्ही पिट पाच-पाच ओहमचे धरले तर सहा व्होल्टमुळे तिच्यातून सुमारे ०.३ अँपिअर अखंड वाहील. हा करंट कार्डावरच्या केसासारख्या बारीक ट्रॅकमधून जातो. पंपहाउसमध्ये खरा अर्थ फॉल्ट झाला तर तिथल्या पिटवर शंभराहून जास्त व्होल्ट चढू शकतात, आणि तेव्हा तो ट्रॅक टिकत नाही. यावर जुना तोडगा तिसऱ्या तारेत दोन्ही टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर घालण्याचा आहे. त्याने नेहमीचा करंट तीस मिलिअँपिअरच्या आत येतो आणि संदर्भही टिकतो. एका छताखालच्या, एका अर्थ ग्रिडवरच्या जोडणीला हे पुरतं. दोन इमारतींमध्ये पुरत नाही, कारण फॉल्टच्या वेळी तोच रेझिस्टर जळतो आणि त्याच्यामागून चिप. म्हणजे तिसरी तार नसली तर संदर्भ हरवतो, आणि असली तर करंटला वाट मिळते. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरून तिसरी तार नको असा निर्णय काढणं चुकीचं आहे. तार ठेवायची आणि लूप तोडायचा, हा रस्ता उपलब्ध आहे.

तो रस्ता म्हणजे आयसोलेशन. ए, बी आणि त्यांचं शून्य एका बाजूला. उपकरणाचा मेंदू, त्याचा सप्लाय आणि त्याचं अर्थिंग दुसऱ्या बाजूला. मधून तांब्याची एकही वाट नाही, निरोप प्रकाशाने, चुंबकीय क्षेत्राने किंवा सूक्ष्म कपॅसिटरमधून पलीकडे जातो. असे सगळे पोर्ट असले की तिसरी तार लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खुशाल न्यावी, आणि संपूर्ण लाइनवर एकाच ठिकाणी, बहुधा मास्टरच्या पॅनेलमध्ये, तिला अर्थ करावं. दुसरं टोक जमिनीला टेकलेलंच नसल्यामुळे ५० हर्ट्झचा लूप बनत नाही. मॉडबसच्या सीरियल लाइनसाठी असलेल्या अधिकृत दस्तऐवजातही सामायिक तार मागितलेली आहे आणि ती शक्यतो एकाच बिंदूवर संरक्षक अर्थिंगला जोडावी असं सांगितलं आहे. दोन तारांची पद्धत मॉडबसने शिकवलेली नाही. ती टर्मिनल वाचवणाऱ्यांनी आणि केबल वाचवणाऱ्यांनी रुजवली आहे.

इथे खर्चाचा मुद्दा येतो, आणि तो टाळता येणार नाही. आयसोलेटेड पोर्ट महाग असतो. १९८३ च्या आसपास तर तो फारच महाग होता: दोन-तीन ऑप्टोकपलर, स्वतंत्र सप्लाय, बोर्डावर जागा. त्यामुळे मानकाने आयसोलेशनची सक्ती केली नाही आणि बाजाराने ते पर्यायी ठरवलं. इथरनेटचं उदाहरण यासमोर ठेवून पाहावं. त्याच्या मानकाने पोर्टला १५०० व्होल्टचं आयसोलेशन बंधनकारक केलं, म्हणून प्रत्येक आरजे-४५ च्या मागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसला. सर्वांनाच लागतो म्हणून तो स्वस्तही झाला, आणि दोन पॅनेलांमधल्या इथरनेट केबलबाबत शून्यातल्या फरकाचा विचारही कुणाला करावा लागत नाही. आरएस-४८५ ला ट्रान्सफॉर्मर सरळ लावता येत नाही, कारण त्याची लाइन कितीही वेळ एकाच पातळीवर थांबून राहू शकते आणि ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही. पण आज आयसोलेटर, ट्रान्सीव्हर आणि आतला सप्लाय असं सगळं एकाच चिपमध्ये मिळतं. दोन इमारतींत जाणाऱ्या लाइनवर आयसोलेशन वगळून वाचवलेला पैसा पहिल्या मोठ्या शटडाउनमध्येच जातो. मीटर बनवणाऱ्यांबाबत माझं मत याहून कडक आहे: जो पोर्ट आयसोलेटेड नाही आणि ज्याला तिसरं टर्मिनलही नाही, त्याच्या कागदावर १२०० मीटर अंतर छापू नये. ज्या एका गोष्टीशिवाय ते अंतर गाठता येत नाही, तीच त्याने ग्राहकाला दिलेली नसते.

आता उलट बाजूची चूक. पोर्ट आयसोलेटेड आहेत, मग तिसरी तार कशाला, असा युक्तिवाद शिकलेले इंजिनिअरही करतात. आयसोलेटेड बाजूचं शून्य कशालाच बांधलेलं नसेल तर ते तरंगत राहतं, आणि तरंगणारी गोष्ट स्थिर नसते. आयसोलेशनच्या अडसराच्या दोन बाजूंमध्ये थोडं कपॅसिटन्स उरतंच, मुख्यतः आयसोलेटेड बाजूला वीज देणाऱ्या सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरमुळे. जवळ व्हीएफडी असेल तर त्याच्या डीसी बसवर ४१५ व्होल्ट सप्लायला ५८० च्या पुढे व्होल्ट असतात आणि त्याचे आयजीबीटी ते मायक्रोसेकंदाच्या अंशात उघडझाप करतात. ५० पिकोफॅरडमधून मायक्रोसेकंदाला एक किलोव्होल्ट वेगाचा बदल गेला तरी ५० मिलिअँपिअरचा झटका पलीकडे पोचतो. तिसरी तार असेल तर त्या झटक्याला परतीची वाट मिळते. नसेल तर तो ए-बी मधूनच वाट काढतो, आणि रिसीव्हर पुन्हा हद्दीबाहेर जातो, या वेळी फक्त ड्राइव्ह चालू असताना. ‘पंप सुरू झाला की डेटा जातो’ या तक्रारीचं एक मोठं कारण हे आहे. अडसराबद्दल आणखी एक सावधगिरी: डेटाशीटवरचे २५०० व्होल्ट बहुधा एका मिनिटाच्या चाचणीचे असतात, रोज सोसायच्या व्होल्टेजचे नव्हेत. आणि ‘आयसोलेटेड’ म्हणून विकलेल्या कार्डाचे दोन पोर्ट एकमेकांपासून आयसोलेटेड आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं. पुष्कळदा दोन्हींचं शून्य एकच असतं.

शिल्डबद्दलचा वाद या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात घेतला आहे, इथे थोडक्यात. मॉडबसचा दस्तऐवज शिल्ड एका टोकाला अर्थ करायला सांगतो, प्रोफिबसची पद्धत दोन्ही टोकांना, आणि वायरमनला दोन्ही ऐकून गोंधळ होतो. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रोफिबस १२ मेगाबिटपर्यंत धावतं. तिथे मोठ्या फ्रिक्वेन्सीचा त्रास थांबवायला दोन्ही टोकं लागतात, आणि त्यासाठी दोन्ही पॅनेल जाड बाँडिंग केबलने एका पातळीवर आणलेले असावेत अशी अट आहे. ती अट न पाळता फक्त शिल्ड दोन्हीकडे जोडलं, तर शिल्डच बाँडिंग केबल होतं आणि तापतं. ९६०० बॉडच्या, वेगळ्या पिटच्या जोडणीला एक टोक पुरतं. मात्र शिल्डला तिसरी तार म्हणून वापरू नये, हे दोन्हीकडे लागू आहे. गोंगाट अडवण्यासाठी घातलेल्या जाळीतूनच सिग्नलचा संदर्भ नेला, तर अडवलेला गोंगाट संदर्भात शिरतो. म्हणून केबल मागवताना एक पेअर आणि एक सुटी तार, किंवा दोन पेअर मागवाव्यात.

आयसोलेशनने आभाळातल्या विजेचा तडाखा थांबत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मराठवाड्यात, विदर्भात मे-जूनच्या वळवाच्या पावसात जी वीज पडते, तिच्या दहा किलोअँपिअरने पाच ओहमच्या पिटवर क्षणभर पन्नास किलोव्होल्ट उभे राहतात. अडीच किलोव्होल्टचा अडसर त्यापुढे टिकणार नाही. तिथे दोन्ही पिट जाड पट्टीने जोडणं आणि लाइनच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवणं लागतं. या प्रोटेक्टरमधला डायोड −७ आणि +१२ ही असमान हद्द ओळखणारा असावा. एसएम७१२ हा भाग त्याच कामासाठी बनवलेला आहे. आणि दोन इमारतींमध्ये नवी ट्रेंच खणणार असाल तर माझा सल्ला फायबर टाकण्याचा आहे. काचेच्या धाग्यातून जमिनीचा करंट जात नाही, आणि त्याच्या दोन टोकांच्या कन्व्हर्टरची किंमत आज विचार करावा अशी राहिलेली नाही.

पण बहुतेक वाचकांसमोर नवी ट्रेंच नसेल, जुनी दोन तारांची लाइन असेल. तिथे कार्ड बदलण्याआधी एक मोजमाप करावं. केबलमधली एखादी सुटी कोअर दूरच्या टोकाला तिथल्या उपकरणाच्या शून्याला जोडावी, आणि अलीकडच्या टोकाला ती कोअर व आपलं शून्य यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. फॉल्ट असेल तर त्या कोअरवर धोकादायक व्होल्टेज असू शकतं, म्हणून हातमोजे घालून, मीटर मोठ्या एसी रेंजवर ठेवून सुरुवात करावी. आकडा आला की मीटरच्या टोकांना १ किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून पुन्हा पाहावं. आकडा कोसळला तर ते कपॅसिटन्समधून आलेलं पोकळ व्होल्टेज आहे, आणि तिसरी तार जोडल्यावर बहुधा प्रश्न सुटतो. आकडा जागचा हलला नाही तर त्यामागे खरा करंट आहे. मग तार जोडण्याआधी आयसोलेटर बसवावा लागेल आणि गळतीही शोधावी लागेल. पाच व्होल्टच्या खाली आकडा आला तरी तो पंप चालू असताना, ड्राइव्ह चालू असताना आणि उन्हाळ्यात पुन्हा घ्यावा. हे मोजमाप कसं करायचं, कोणत्या टर्मिनलवर, आणि उपकरणाला शून्याचं टर्मिनलच दिलेलं नसेल तर ते कुठे सापडेल, इथूनच पुढचं पहिलं प्रकरण सुरू होतं.